मयताचं काम

एका बाईचा चेहरा. ओठ घट्ट मिटलेले, डोळे काठोकाठ भरलेले, हनुवटीत बारीक थरथर. सिनेमावरच्या जाडजूड पुस्तकांत हा फोटो असतो आणि खाली दोन शब्द असतात : ‘आवरलेला शोक’.

खोकल्याचं औषध. बाटलीवर सूचना : घेतल्यावर वाहन चालवू नये.

उजव्या पायाचा अंगठा. कधीकाळी हातोडीखाली सापडून त्याचं नख कायमचं काळं पडलेलं.

कॉलरला अडकवायचा माइक, शेंगदाण्याएवढा.

एक कोपर. झोपलेल्या नवऱ्याच्या बरगडीत ते हळूच रुततं. नवरा कूस बदलतो. मग थोडा वेळ घरात शांतता.

*

कोपर सुताराच्या बायकोचं. अंगठा सुताराचा. सगळी इमारत त्याला ‘मयतकाका’ म्हणायची आणि त्याला त्याचं काही वाटत नसे, उलट कुणी नवीन भाडेकरू आला की तो स्वतःहून खुलासा करायचा.

तरुणपणी तो एका फिल्म स्टुडिओत कामाला होता. एका चित्रपटात नवऱ्याचं प्रेत होणारा नट ऐन वेळी आलाच नाही. दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं, सुतार दिसला, त्यालाच फळीवर आडवं केलं. अंगावर डोक्यापासून चादर, बाहेर फक्त पाय. शेजारी चित्रपटाची नायिका बसली. स्टुडिओत तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. तिने मेलेल्या नवऱ्याकडे बघत राहायचं होतं, रडायचं नव्हतं. त्या काळी आवाज नंतर भरायचे, त्यामुळे कॅमेऱ्याची मोठी घरघर चालायची आणि सेटवरचा दुसरा आवाज कुणाला ऐकू येत नसे. कॅमेरा चालला. पुढे त्या दृश्याच्या फोटोवरून अभिनयाच्या शाळांतून शिकवू लागले.

“जिवंत माणसाचं काम कुणीही करतं,” सुतार सांगायचा. “आयुष्यभराची सवय असते. मेलेल्याचं करून बघा.”

“पण करायचं काय असतं त्यात?” नवा भाडेकरू विचारायचा.

“काहीच करायचं नसतं. तेच अवघड.”

“घरी रोज तेच करतात,” बायको आतून म्हणायची. “जमतं त्यांना.”

एक गोष्ट मात्र तो भाडेकरूंना सांगत नसे. ती फक्त बायकोला माहीत होती. दृश्य संपल्यावर बाई त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तोंडावर हात दाबून ती जी उठली, ती तडक बाहेर पळाली. दुःख असह्य झालं, असं सगळे म्हणाले.

“माझंच काहीतरी चुकलं असणार,” सुतार म्हणायचा. “पाय हलला असेल. एवढी मोठी नटी, आणि मी तिचं काम नासवलं.”

बायकोने तो चित्रपट पाहिला नव्हता. लग्न त्यानंतरचं, आणि तोवर त्याच्या सगळ्या प्रती कुठल्याशा आगीत गेल्या होत्या. त्यामुळे तिला नुसतं “नाही हो, छान केलं असेल” एवढंच म्हणता यायचं. आणि त्याला ते पटत नसे.

*

मग एक प्रत सापडली.

बातमी घेऊन आला तो गावातल्या फिल्म सोसायटीचा चिटणीस. गळ्यात झोळी, झोळीत सिनेमावरची पुस्तकं, आणि बोलताना डोळे मिटायची सवय.

“सिनेमाच्या इतिहासातले अविस्मरणीय अभिनय, अशी आमची मालिका आहे,” तो म्हणाला. “शेवटचा कार्यक्रम बाईंचा. बाई स्वतः येणार आहेत. आणि तुम्ही येणार आहात हे त्यांना ठाऊकच नाही.”

सुतार खुर्चीतून उठला, पुन्हा बसला.

“मला विचारता येईल त्यांना?”

“काय?”

“आहे एक.”

त्या दिवसापासून तो दुपारी पलंगावर पाय ताणून पडू लागला. सराव म्हणे. त्यातच त्याला खोकला झाला. खोकणारं मयत कुणाला चालणार, म्हणून त्याने औषध आणलं आणि कार्यक्रमाला निघताना चमच्याचा हिशेब न ठेवता बाटलीलाच तोंड लावलं.

*

सभागृहात अंधार झाला. पहिल्या रांगेत सुतार, शेजारी बायको. बाई पलीकडच्या टोकाला, पाठ ताठ, पांढरे केस. तिला अजून काही माहीत नव्हतं. चिटणिसाने सुताराच्या कॉलरला माइक आधीच अडकवून ठेवला होता, नंतर मुलाखतीत वेळ जायला नको म्हणून.

पडद्यावर ती खोली आली. फळी आली. चादर आली.

“अंगठा बघ,” सुतार कुजबुजला. “तो काळा. माझा.”

बायकोने अंगठा बघितला. मग तिने बाईचा चेहरा बघितला आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला.

हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या रात्री, पलीकडच्या खोलीत सासू-सासरे, भिंत पुठ्ठ्यासारखी, आणि अंथरुणात हा माणूस करवत चालवल्यासारखा घोरतोय. हसू बाहेर फुटू नये म्हणून तिने दातांत गाल धरला होता. ओठ असेच मिटले होते, डोळे असेच भरले होते, हनुवटी अशीच थरथरली होती.

तिच्या पाठीमागे लोक मुसमुसत होते.

पाय हललाच नव्हता तर. हा माणूस झोपला होता! जिच्यावर पुस्तकं लिहिली गेली ती बाई बिचारी जिवाच्या आकांताने हसू दाबत होती. आणि हा थोड्या वेळाने चार लोकांत उभा राहून तिलाच विचारणार होता.

“अहो,” ती म्हणाली, “नका विचारू काही. नुसता नमस्कार करा आणि चला.”

“वेडी आहेस का?”

*

दिवे लागले. चिटणिसाने सुताराला मंचावर बोलावलं आणि तो कोण ते सांगितलं. टाळ्या पडल्या. बाईने सुताराकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

इथवर निभावलं असतं. पण चिटणिसाने डोळे मिटले.

“रसिकहो, मला एक कल्पना सुचतेय. ते दृश्य, आज, इथे. त्याच बाई आणि तेच मयत!”

लोक उठून टाळ्या वाजवू लागले. बायको मंचाच्या कडेपर्यंत धावली.

“साहेब, नको. त्यांना खोकला आहे.”

“औषध घेतलंय मी,” सुतार वरून म्हणाला.

“तेच म्हणतेय!”

तोवर मंचावरचं टेबल मोकळं झालं होतं. फुलदाणी खाली, टेबलावरची पांढरी चादर सुताराच्या अंगावर. त्याने चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि अत्यंत गांभीर्याने तो मेला. बाईलाही वर नेऊन शेजारी बसवलं. नाही म्हणायला तिला कुणी सवड दिली नव्हती. दिवे मंद झाले.

आणि चिटणीस प्रास्ताविक करू लागला. मूकपटांपासून. आधी डोळ्यांचा अभिनय आला, मग आवाज आला, मग आवाज आल्यामुळे डोळ्यांचं काय नुकसान झालं ते आलं. बायकोची नजर चादरीवर होती. छातीच्या जागी चादर वर जायची, खाली यायची. आधी भरभर. मग संथ.

“...आणि मौन!” चिटणीस म्हणाला. “अभिनयाचं शिखर म्हणजे मौन!”

आणि तो गप्प झाला.

त्या शांततेत सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज आला. लोकांनी छताकडे पाहिलं. थोडी उसंत. मग पुन्हा, आता जरा लांबवर, शेवटी बारीक शिट्टी.

बाईचे ओठ घट्ट मिटले. डोळे भरले. हनुवटी थरथरू लागली.

“तोच चेहरा!” मागून कुणीतरी हळहळलं. “इतक्या वर्षांनी, तोच!”

पण आता बाईचं वय झालं होतं. तिचे खांदे हलायला लागले. अजून एक घोरणं, की ती फुटणार. मग सभागृह फुटणार. आणि सुतार हशाने जागा होणार आणि त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार.

बायकोने जन्मात कधी नाटकात काम केलं नव्हतं. ती मंचावर चढली.

“अहो!” तिने टाहो फोडला. “असे कसे हो निजलात!”

तिने त्याच्या छातीवर अंग टाकलं, माइक मुठीत आवळला, आणि कोपर नेहमीच्या जागी रुतवलं. स्पीकर बंद पडल्यासारखे गप्प झाले.

“मला एकटीला टाकून कुठे निघालात? आता खिडकी अडकली तर मी कुणाला हाक मारू? घरात एवढी शांतता झाली तर मला झोप कशी लागेल?”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ती दचकली. हे तिने ठरवलं नव्हतं. चादरीखाली माणूस ऊबदार होता, श्वास चालू होता, आणि तरी तिला रडू आवरेना. चादरीचा कोपरा तोंडाशी धरून ती खरोखरीची, घशातून रडली. बाईने पुढे होऊन तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तोंड लपवून, इतक्या वर्षांचं साठलेलं, पोटभर हसून घेतलं. दोघींची अंगं गदगदत होती. सभागृहात एकही डोळा कोरडा राहिला नाही.

टाळ्यांनी सुतार जागा झाला. उठून बसला. टाळ्या वाढल्या. त्याने मान लववली आणि बाईकडे वळून, हात जोडून, विचारलंच.

“बाई, त्या दिवशी माझं काही चुकलं होतं का हो?”

बाईने डोळे पुसले. सुताराच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने किंचित, अगदी किंचित मान हलवली.

“चुकलं?” बाई म्हणाली. “तुम्ही फळीवर होतात म्हणून तो चेहरा झाला. माझ्या एकटीच्याने झाला नसता.”

“म्हणजे काम बरं झालं होतं?”

“मयताचं असं काम मी पुन्हा कुणाकडून पाहिलं नाही.”

निघताना पायऱ्यांवर बाईने बायकोचा हात धरला. सुतार पुढे लोकांना अंगठा दाखवत होता.

“कळलं ना तुम्हाला?”

“पडद्यावर तोंड बघितल्याबरोबर.”

“मला दोनदाच झेलावं लागलं. तुम्ही रोज काय करता?”

बायकोने कोपर दाखवलं.

*

परतताना बसमध्ये सुताराने खिडकीशी जागा धरली. मग म्हणाला,

“तू रडलीस ते ठीकच. पण जरा जास्त झालं. बाईंकडून शिकण्यासारखं आहे. किती आवरून धरतात!”

“पुढच्या वेळी आवरीन,” ती म्हणाली.

त्याने समाधानाने मान मागे टेकली. जरा वेळाने बसमधले लोक वळून बघू लागले. तिने कोपर मांडीवर तसंच राहू दिलं.

चित्रपटातली ती खोली, तिच्या भिंती, तिचं दार, तिची खिडकी आणि ती फळीसुद्धा, शूटिंगच्या आदल्या रात्रभर जागून सुताराने एकट्याने उभी केली होती.