बुधवारची लाल सोंगटी

बुधवारी लाल सोंगटी मारायची नाही, हा नियम साऱ्या जगात फक्त एका घरात होता, आणि माझं नशीब असं की मी त्याच घरात भाडेकरू होतो.

घर पिरंगुटला, पौड रस्त्यापासून थोडं आत. मालकीण हौसाबाई, पण सगळं गाव त्यांना हौसाक्का म्हणे. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. पिरंगुटला तेव्हा नुकते कुठे कारखाने येऊ लागले होते आणि मी त्यातल्याच एकात स्टोअरचा कारकून होतो. पुण्याहून रोज जायचं-यायचं तर एस.टी.चा भरवसा नाही, म्हणून तिथेच खोली शोधत होतो. माझ्याबरोबर आणखी एक जण खोली बघायला आला होता. फार गोड माणूस. आक्का म्हणतील त्याला "अगदी बरोबर" म्हणायचा. मी मात्र खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या दोनदा वाद घातला, एकदा मोरीवरून आणि एकदा दाराला आतून कडी नव्हती त्यावरून. खोली गेली असं धरून मी चपला घालत होतो, तोच आक्का म्हणाल्या, "ऱ्हा तू. सामान कवा आणतोस?" गोड माणूस तोंड पाडून परत गेला. आक्कांना स्पष्टवक्ता माणूस आवडतो, असं समजून मी खूश झालो.

सामान आणलं त्याच संध्याकाळी मला ओट्यावर हाक आली. ओट्यावर पट मांडला होता. कापडाचा, चार पाखांचा, कडेने उसवलेला. एका बाजूला आक्का, समोर त्यांचे यजमान गणपततात्या, तिसऱ्या बाजूला शेजारचे धोंडूमामा. चौथी बाजू माझी. पट मी लहानपणापासून खेळत आलो होतो. सहा कवड्या टाकायच्या, जेवढं दान पडेल तेवढी घरं सोंगटी चालवायची, दुसऱ्याची मारायची, आपली पिकवायची. त्यात नवीन काय असणार?

पहिल्याच डावात आक्कांची लाल सोंगटी माझ्या तावडीत आली. मी मारली. आक्कांनी ती उचलून शांतपणे परत जागेवर ठेवली.

"आज बुधवार हाय. लाल मारायची न्हाई."

"असा कुठे नियम असतो?"

"हितं असतो."

"आणि तुमच्याच सोंगट्या लाल?"

"मग काय तुझ्या असायच्या? नेम म्हंजे नेम."

मी धोंडूमामांकडे पाहिलं. धोंडूमामा ठार बहिरे. सगळ्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचे आणि कुठल्याही वादावर एकच निकाल द्यायचे, "हाय तर हाय." हे माझ्या बाजूचे साक्षीदार.

पुढे कळलं की बुधवार हा नुसता श्रीगणेशा होता. आक्कांच्या डोक्यात नियमांची नर्सरीच होती. शिंकेल त्याची सोंगटी दोन घरं मागे. चहा येईपर्यंत मेलेली सोंगटी चहा आल्यावर जिवंत. रस्त्यावरून एस.टी. गेली की पाळी उलट्या बाजूने फिरायची. एक आठवडा तर डाव चालू असताना कोणी बोलायचंच नाही असा नेम होता, त्या आठवड्यात धोंडूमामा आमच्यात सगळ्यांत हुशार ठरले. सकाळी केलेला नियम संध्याकाळी असेलच असं नाही, आणि सोमवारी मोडलेला गुरुवारी परत उगवायचा.

काही नियम अंगमेहनतीचे होते. कवड्या मुठीत खुळखुळवून टाकायच्या नाहीत, पितळी वाटीत घालून वाटी पालथी करायची. "मुठीनं टाकलं का मानूस लबाडी करतो," असं त्याचं कारण. सोंगटी उचलायची नाही, बोटाने सरकवायची. सरकवताना दुसऱ्याची पडली तरी चालेल, पडलेली सोंगटीही उभीच समजायची. घराच्या रेघेवर बसली तरी घरात बसली. मी म्हणायचो, आक्का, हा पट आहे की भाजीबाजार? सोंगट्या लोळतायत, कोणाची कुठे आहे पत्ता नाही.

"आक्का, शेकडो वर्षं लोक हा खेळ एकाच रीतीने खेळत आलेत."

"त्यांनी त्यांचं नेम केलं. आपुन आपलं करू."

"मग तो खेळ तरी राहिला का?"

"तू रोज येतुयास न्हवं खेळाया?"

मी रोज जायचो हे खरंच होतं. रोज चिडायचो, रोज ठरवायचो की उद्यापासून खोलीत वाचत पडायचं, आणि रोज कारखान्यातून आलो की हातपाय धुऊन ओट्यावर. कारण काल झालेल्या अन्यायाचा हिशेब आज चुकता करायचा असे. आक्का मला वकील म्हणू लागल्या. "ये वकिला, बस. आज नवा नेम हाय."

वादात मला एकच भक्कम आधार होता, तो म्हणजे गणपततात्या. आपल्या उमेदीत तात्या पटातले नावाजलेले गडी. शिवरात्रीच्या जागरणाला आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणी येत. आता कंपवाताने हात थरथरायचा. चहाची कपबशी वाजू लागली की तात्या ओट्यावर आले हे मला आतल्या खोलीत कळायचं. शेत दुसऱ्याला खंडाने दिलेलं, गावात जाणं बंद. पण डोकं शाबूत. कोणाला कितीचं दान हवंय हे कवड्या पडायच्या आधी सांगायचे. आणि नव्या नियमाला माझ्याइतकेच वैतागायचे. "वकिला, तूच सांग रं हिला. मी जलमभर सांगून दमलो. डोस्कं फिरलंय हिचं." मग मला आणखी जोर चढायचा. आम्ही दोघे मिळून आक्कांशी भांडायचो आणि दोघे मिळून हरायचो.

एकदा आक्कांचा भाचा पुण्याहून आला. बँकेत नोकरी, बोलणं साखरेसारखं. धोंडूमामा त्या दिवशी परगावी होते, म्हणून तो चौथा बसला. तात्यांची पाळी आली. त्यांचा हात त्या दिवशी जरा जास्तच हलत होता. वाटी बोटांतून निसटली आणि कवड्या पट सोडून पार ओट्याखाली गेल्या. आक्का काही बोलायच्या आत भाच्याने धावत जाऊन त्या गोळा केल्या, वाटीत घातल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "असू दे तात्या, तुम्ही परत टाका. तुम्हाला सगळं माफ."

तात्यांनी वाटी खाली ठेवली. "मी काय कच्चं लिंबू हाय व्हय?"

लहान पोराला मोठ्यांच्या खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते कधी बाद होत नाही, ते कच्चं लिंबू. शब्द पोरांचा, पण तात्यांच्या तोंडून तो ऐकताना आमच्या माना खाली गेल्या. ते भिंतीला धरत आत गेले आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर पट मांडला गेला नाही. संध्याकाळी आक्का हाक मारायच्या, आतून उत्तर यायचं नाही. तात्या जेवणापुरते उठायचे, तेही नंतर नंतर अर्धी भाकरी ठेवून द्यायचे. कपबशी वाजेनाशी झाली. धोंडूमामा येऊन रिकाम्या ओट्याकडे बघून परत जायचे. मला वाटलं होतं, चला, सुटलो. पण संध्याकाळी नुसतं खोलीत बसवेना.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असायची. दुपारी आक्का माझ्या दारात आल्या. आवाज खाली.

"आज पट मांडते. नवा नेम हाय. वाटी दोनी हातांत धरून कवड्या उधळायच्या. पटाच्या भायेर पडतील त्याच मोजायच्या. पटावर पडंल ती बाद."

मी नेहमीसारखा उसळणार होतो. तोंड उघडलंही. आणि मग तात्यांच्या हातून निसटलेली वाटी डोळ्यांसमोर आली. शिंकेचा नियम गेला होता, चहाचा गेला, एस.टी.चा गेला, बुधवारसुद्धा मधे मधे गायब व्हायचा. वाटीचा नियम मात्र कधी गेला नव्हता. सोंगटी सरकवायचाही नाही, पडलेली उभी समजायचाही नाही, रेघेवर बसलेली चालण्याचाही नाही. जसजसा तात्यांचा हात ढळत गेला, तसतसा एकेक नियम आला होता, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून त्याच्याभोवती दहा खुळचट नियम पेरलेले होते.

"आक्का..." मी म्हणालो.

"गप. डोळ्यांत पाणी आणू नगं. मला त्याचा काय उपेग? तू भांड. रोज भांडतोस त्याच्या दुप्पट भांड. धोंडूमामा कशालाबी व्हय म्हनतो, त्याच्यानं काय व्हतंय? नेम समद्यांना टोचला पायजे, तवा ह्यांना खरा वाटतो. म्हणून तर तुला खोली दिली. त्यो दुसरा लई ग्वाड बोलायचा."

म्हणजे मी तत्त्वासाठी भांडतोय, अशा समजुतीत इतके दिवस जे चाललं होतं, तेसुद्धा आक्कांच्या खेळातला एक नेमच होता. आल्यापासून माझी सोंगटी त्या सरकवत होत्या. मला इतका राग आला आणि इतकं भरून आलं, की त्यातलं आधी काय आलं ते आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी पट मांडला. ओट्यावर नाही, आत, तात्यांच्या बाजेजवळ. आक्कांनी नियम जाहीर केला. मी भांडायला तोंड उघडलं, पण जमेना. सगळं माहीत असताना भांडणार कसं? "हे... हे काही बरोबर नाही," असं काहीतरी पुटपुटलो. आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी खोली खाली करावी लागणार असं वाटलं. बाजेवरची पाठ हलली नाही.

माझी पाळी आली. मी उधळलं. सहाच्या सहा कवड्या पटावर, आणि सगळ्या उताण्या. असलं दान मला जन्मात पडलं नव्हतं. आक्का म्हणाल्या, "बाद."

"बाद?" मी जागेवर उभाच राहिलो. "सगळ्या उताण्या पडल्यात, पटाच्या मधोमध पडल्यात, आणि बाद? आक्का, हा खेळ नाही, हा जुलूम आहे!" हे नाटक नव्हतं. मी खराखुरा पेटलो होतो. मी पटाचा इतिहास काढला, पांडव काढले, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने न्याय मागितला. धोंडूमामा म्हणाले, "हाय तर हाय." त्यांच्यावरही ओरडलो.

बाजेवरून खुदखुद ऐकू आली. तात्या हसत होते. हसत हसत या कुशीवर वळले.

"वकिला, तुला साधं भायेर टाकता येईना व्हय? आण हिकडं ती वाटी."

वाटी त्यांच्या हातात थरथरली, उलटली, आणि कवड्या चारी दिशांना गेल्या. एकही पटावर नाही. "मोजा," तात्या म्हणाले. तो डाव त्यांनी जिंकला. झोपायच्या आधी राहिलेली भाकरी मागून घेतली.

पुढचा पावसाळा सरता सरता तात्या गेले. बरेच दिवस ओट्यावर कोणी बसलं नाही. मग एकदा कारखान्यातून आलो तर पट मांडलेला. आक्का, धोंडूमामा, आणि तात्यांची बाजू मोकळी. वाटी कुठे दिसेना.

"हातानं टाका," आक्का म्हणाल्या. "सोंगटी उचलून ठेवा. आता काय नेम न्हाईत. जगासारखं खेळू."

आल्या दिवसापासून मी हेच मागत होतो. आम्ही जगासारखं खेळलो. सोंगट्या सरळ उभ्या, कवड्या मुठीतून, कोणी कोणाला बोललं नाही. इतका कंटाळवाणा डाव मी आयुष्यात खेळलो नाही. आक्का पटाकडे बघत होत्या, पण दान मोजत नव्हत्या. माझ्या मुठीतून तीन पडले. तिसऱ्या घरात त्यांची लाल सोंगटी होती.

"मार की," आक्का म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. "आज बुधवार आहे."

"मग?"

"बुधवारी लाल मारायची नाही."

"त्यो नेम मोडला म्या."

"कोणाला विचारून मोडला? मला विचारलं?"

"माझा नेम, मी मोडीन! तू कोण विचारणारा?" आक्का गुडघ्यावर उठून बसल्या. "मार म्हनते ना!"

"नाही मारणार. नेम म्हंजे नेम."

"आरं, खेळ हाय का चेष्टा? असा कुटं नेम असतो व्हय?"

"इथे असतो."

आक्कांनी पदर डोळ्यांना लावला, पण क्षणभरच. मग तो खोचून त्या अशा काही भांडल्या की समोरच्या घरातले लोक दारात आले. मीही मागे हटलो नाही. शेवटी आम्ही दोघांनी धोंडूमामांकडे पाहिलं. त्यांनी आमच्या तोंडांकडे बघितलं, लाल सोंगटीकडे बघितलं, तात्यांच्या मोकळ्या बाजूकडे बघितलं.

"हाय तर हाय," धोंडूमामा म्हणाले, आणि आत जाऊन वाटी घेऊन आले.