जिल्हा जवळ आला त्याची हकिगत

जुना जिल्हा फार मोठा होता आणि त्याचं मुख्यालय फार लांब होतं, ही जनतेची तक्रार रास्त होती. शासनाने तिची गंभीर दखल घेऊन जिल्ह्याचे दोन केले. मग उरलेल्यांना मुख्यालय लांब पडू लागलं, म्हणून पुन्हा दोन केले. हा लोकाभिमुख कार्यक्रम असाच चालू राहिला आणि दर खेपेला नवे जिल्हाधिकारी, नवी गाडी आणि नवी पाटी जनतेच्या आणखी जवळ आली. शेवटी सीमा बाजाररस्त्याच्या मधोमध येऊन ठेपली. तिथे पांढरी रेघ आधीपासूनच होती, त्यामुळे रंगाचा खर्च वाचला.

या शेवटच्या विभाजनाचं श्रेय कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. कृती समितीचा तो सरचिटणीस. मोर्च्याचे झेंडे त्यानेच शिवले, घसा बसेपर्यंत घोषणा त्यानेच दिल्या. रस्त्यापलीकडे त्याची बहीण राहायची आणि आई तिच्याकडे असायची. "आई, आपला जिल्हा झाला गं!" असं तो दुकानातूनच ओरडला, तेव्हा त्या बिचारीने खिडकीतून हातही हलवला.

मग मालमत्तेची वाटणी झाली. ती इतकी न्याय्य होती की कोणाला बोलायला जागाच उरली नाही. रुग्णालय पलीकडे गेलं, म्हणून डॉक्टर अलीकडे आले. पलीकडे खाटा रिकाम्या. अलीकडे डॉक्टर एका गाळ्यात बसून दिवसभर स्वतःचाच रक्तदाब मोजत.

एके दुपारी बहीण दारातून किंचाळली, "दादा, आईला श्वास घेता येत नाहीये! इकडे रुग्णालयात बघायला कोणी नाही रे!"

शिंपी गळ्यातल्या टेपसकट डॉक्टरांकडे धावला. डॉक्टर ताबडतोब निघाले आणि पांढऱ्या रेघेपाशी ताबडतोब थांबले.

"साहेब, चला ना! ती काय, समोर दिसतेय."

"दिसतेय हो. पण पलीकडे मला अधिकार नाही. उद्या चौकशी लागली तर तुम्ही निस्तरणार आहात का?"

शेवटी बहिणीने आणि मेहुण्याने आईला खाटेसकट रस्त्यात आणलं. वाहनं खोळंबली.

"तक्रार कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"छातीत."

"मग छाती अलीकडे घ्या."

खाट सरकवली. डॉक्टरांनी मन लावून तपासलं आणि प्राणवायू लगेच हवा म्हणाले. तो पलीकडच्या रुग्णालयात होता. तिथले अधीक्षक नळकांडं घेऊन रेघेपर्यंत स्वतः आले आणि त्यांनी अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "तोंड कुठल्या जिल्ह्यात आहे?"

खाट परत सरकेपर्यंत आई गेली.

शोकसभेत शिंपी ढसाढसा रडला. रडणं खरं होतं. मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. कारण डोळे पुसून त्याने लगेच ठराव मांडला : अशी वेळ कोणाच्याही आईवर येऊ नये, यासाठी दोन्ही फुटपाथ आणि रुग्णालय धरून बाजाररस्त्याचा स्वतंत्र जिल्हा करावा. त्याला आईचं नाव द्यावं, ही दुरुस्ती डॉक्टरांनी सुचवली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

डॉक्टरांनी एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं, असं त्या सभेत कोणीही म्हणालं नाही. तुम्हीही इथवर वाटणी चुकली म्हणूनच हळहळत होतात, खरं ना? मग या, मोर्च्यात पुढे उभे राहा. आपलीच माणसं आहेत सगळी.