नको म्हणायची रीत

आमच्या ग्लेनारू खोऱ्यात दोन गोष्टींत माझा हात कुणी धरू शकत नाही: डोंगर आणि शिष्टाचार. पाहुण्यांना धबधबा दाखवून, जुन्या खाणीवरून माथ्यावर नेऊन, पाय मुरगळू न देता खाली आणावं ते मीच. आणि आईने शिकवलंय, कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच खेपेला कप पुढे करणारा आमच्याकडे हावरट ठरतो.

त्यामुळे नोरीन टोरांटोहून तीस वर्षांनी आली आणि "फिन्टन, डोंगरावर नेशील?" म्हणाली, तेव्हा मी बाजी मारल्यातच जमा होतो! ती गेल्यापासून मी लग्न केलं नाही. लोकांना सांगतो, मेंढ्यांतून सवड मिळाली नाही. बेत सोपा होता. माथ्यावर पोचायचं, खाली तळं दिसलं की म्हणायचं, नोरीन, राहा आता इथेच.

धबधब्यापाशी तिने डबा उघडला. हॅमचं सँडविच, वर मोहरीची चटणी.

"घे ना."

"छे छे, तू खा."

"बरं," म्हणाली, आणि खाल्लं की तिने! बूट घासण्याच्या नादात माझी न्याहारी राहून गेली होती. मी धबधब्याचं पाणी प्यायलो.

खाणीपाशी पाऊस आडवा आला. माझा रेनकोट घरी होता, कारण त्याच्याखाली नवा लोकरी कोट झाकला गेला असता.

"माझ्याकडे जादा रेनकोट आहे. देऊ?"

"नको नको, आम्हाला सवय असते."

"बरं." रेनकोट पिशवीत परत गेला. थोड्या वेळाने माझ्या नव्या कोटाला ओल्या मेंढ्याचा वास यायला लागला.

माथ्यावर तर धुकं. तळं सोडा, स्वतःचे बूट दिसेनात. नोरीन दगडावर बसली आणि हळूच म्हणाली, "तिकडे रात्री मध्येच जाग येते ना, तेव्हा ओल्या गवताचा वास येतो मला. उठून खिडकी उघडते, तर खाली नुसता रस्ता."

हीच ती वेळ. मी तोंड उघडलं, पण दात असे वाजायला लागले की एक अक्षर बाहेर पडेना.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. "गारठलायस. खाली चल, गाडीतून घरी सोडते."

खाली आल्यावर तिने गाडीचं दार उघडलं. "बस."

"कशाला? सीट भिजेल तुझी."

"बरं," म्हणाली आणि गेली. मी चिखल तुडवत निघालो. नोरीन जिथे उतरली होती त्या पाहुणघराची मालकीण कॉन्सेप्टा मला फाटकात भेटली. मी झालेलं सगळं सांगितलं.

"अरे शहाण्या, तिकडे एकदाच विचारतात. नको म्हणजे नको, संपलं."

"एकदाच?"

"हो. आणि जे विचारतात ते मनापासून."

मी रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी धावत गेलो, तर नोरीन गाडीत बॅग ठेवत होती. मला बघून थांबली.

"फिन्टन, तिकडे मला घर खायला उठतं रे. येशील माझ्याकडे? पाहुणा म्हणून नाही, कायमचा."

हे वाक्य ऐकायला तीस वर्षं थांबलो होतो मी. पण जीभ आईच्या हाताखाली तयार झालेली.

"छे गं, तुला कशाला त्रास?"

आणि मी थांबलो. फक्त अजून दोनदा विचार, नोरीन. खिडकीत कॉन्सेप्टाने कपाळावर हात मारून घेतला. नोरीनने बॅग आत ढकलून डिकी लावली.

"बरं," म्हणाली, आणि गाडी वळणापलीकडे गेली.

त्यानंतर मेंढ्यांत लक्ष लागेना. धबधब्यापाशी पाहुणे डबे उघडत, आणि मला घास गिळवत नसे. शेवटी कॉन्सेप्टाच कावली. "तिने विचारलं, आता तू विचार. फोन तुझ्याही घरी आहे."

गेल्या रविवारी मन घट्ट करून फोन लावला.

"नोरीन, तुझी फार आठवण येते. मी येऊ का तिकडे? कायमचा?"

पलीकडून तिचा आवाज आला, जरा ओला झालेला. "नको रे, एवढ्या लांब तुला कशाला त्रास?"

आता मला तिकडची रीत पक्की माहीत होती. नको म्हणजे नको.

"बरं," म्हणालो आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर आठवलं, नोरीन मूळची आमच्याच खोऱ्यातली.