सरपंचाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नागपूरच्या धरमपेठेत मधुकरराव खानझोडे यांच्याकडे फ्रान्सहून पत्र आलं. पोस्टमन फाटकाबाहेर पडायच्या आत ही बातमी शेजारच्या दोन्ही घरांना कळली होती, कारण मधुकररावांनी पत्र अंगणात उभं राहूनच मोठ्यानं वाचायला घेतलं होतं.

मधुकरराव सर्व्हे ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून त्यांनी सीताबर्डीवर सहा महिने संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग केला होता. त्याचं सर्टिफिकेट बैठकीत देवाच्या फोटोपेक्षा जरा वर टांगलेलं होतं.

"काय म्हणते जी पत्रात?" त्यांच्या पत्नी शामलाबाईंनी ओसरीवर तूर निवडता निवडता विचारलं.

"गारूसाहेबांचं आहे. मोंब्रियाकचे मेयर. आठवण काढून राहिले आपली." मधुकरराव डिक्शनरी घेऊन बसले. अर्ध्या तासानं त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"गेलं नाही. येऊन राहिले. सहा जण. मे महिन्यात."

"इथं? कायले?"

"जुळ्यासाठी," मधुकरराव क्षीण आवाजात म्हणाले.

"कोणाचं जुळं?" शामलाबाईंचा हात तुरीतच थांबला.

ते कोणाचं, हे कळायला मागच्या जुलैत जावं लागेल.

मागच्या जुलैत मधुकरराव आणि त्यांचे दोन जिवलग मित्र दक्षिण फ्रान्सच्या लहान लहान गावांतून पंधरा दिवस हिंडून आले होते. एक मित्र रुपराव ढोबळे. भिवापूरजवळच्या सावरखेड्याचे, मिरचीची मोठी शेती आणि माजी सरपंच. 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी उच्चारत नसे. दुसरे ताराचंद, सीताबर्डीवरचे कापडाचे व्यापारी. रुपरावांचा पुतण्या रविंद्र तुलूझला इंजिनिअर होता. त्यानं काकांना बोलावलं, आपली जुनी व्हॅन दिली, ताराचंदनी चालवली आणि फ्रेंच येतं म्हणून मधुकरराव पुढच्या सीटवर बसले.

प्रवास झकास झाला. दुपारी बारा वाजले की ती गावं दारं-खिडक्या लावून झोपत. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. "हे तं आपल्यासारखेच आहेत गा!" म्हणून रुपरावांना पहिल्याच दिवशी त्या देशाबद्दल आपुलकी वाटली होती.

सातव्या दिवशी वाट चुकून ते मोंब्रियाकला पोचले. गावात जत्रा होती. चौकात बँड वाजत होता आणि पोटावरून तीन रंगांचा पट्टा बांधलेले एक गोल गृहस्थ लोकांशी हात मिळवत होते. ते मेयर गारू. पांढरंशुभ्र धोतर आणि टोपी घातलेले रुपराव व्हॅनमधून उतरताच बँड आपोआप थांबला. गारूसाहेब पुढे आले आणि त्यांनी हे कोण म्हणून विचारलं.

मधुकररावांना माजी सरपंच म्हणायचं होतं. परंतु त्यांच्या पुस्तकाच्या नवव्या धड्यात गावातली चारच माणसं होती: मेयर, पोस्टमन, पाववाला आणि पाद्री. रुपरावांसारख्या माणसाला पाववाला म्हणणं शोभलं नसतं. ते म्हणाले, "मेर." म्हणजे मेयर.

कुठले, असं गारूंनी विचारलं. सावरखेडा म्हणून त्यांना काय कळणार होतं? मधुकरराव म्हणाले, "नागपूर." लोकसंख्या किती? तेवढं मात्र मधुकररावांनी अगदी बरोबर सांगितलं: बारा लाख.

नऊशे माणसांच्या गावाच्या मेयरनं बारा लाखांच्या मेयरला मिठी मारली. बँड पुन्हा सुरू झाला.

मग जेवण झालं, भाषण झालं. भाषणात गारूसाहेब पुन्हा पुन्हा रुपरावांकडे हात करून 'ज्युमलाज, ज्युमलाज' म्हणत होते. आता 'ज्युमो' म्हणजे जुळी मुलं, हे मधुकररावांना पक्कं ठाऊक होतं. आणि रुपरावांच्या मुलीला जूनमध्येच जुळं झालं होतं!

"रुपराव, तुमच्या नातवांबद्दल विचारून राहिले."

"याले कसं मालूम झालं गा?"

"रविंद्रनं सांगितलं असंल. सांगू का काही?"

"सांगा ना! म्हणा, आम्हाले लय आनंद आहे. दोन्ही धडधाकट आहेत म्हणा."

मधुकररावांनी उभं राहून सांगितलं, की जुळ्याचा आम्हाला अतिशय आनंद आहे आणि प्रकृती उत्तम आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक भलंमोठं रजिस्टर आलं. अभिप्राय लिहायची वही समजून रुपरावांनी त्यात सही केली, ताराचंदनी खाली केली आणि मधुकररावांनी सुवाच्य अक्षरात आपला धरमपेठेचा पत्ता लिहिला.

पत्र आलं त्या दिवशी दुपारी तिघे ताराचंदच्या दुकानात गादीवर बसले. मधुकररावांनी सगळा अर्थ सांगितला. ज्युमलाज म्हणजे दोन गावांचं जुळं नातं. मोंब्रियाक आणि नागपूर ही आता जुळी भावंडं होती आणि कागदावर नागपूरच्या मेयरची सही होती.

"म्हणजे मी नागपूरचा मेयर?" रुपरावांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर घाबरण्याच्या आधी क्षणभर दुसरंच काहीतरी चमकून गेलं.

"अन् मी गवाह!" ताराचंद ओरडले. "अरे यार मधुभाऊ, सहीच्या आधी कागद वाचाचा राहते! बारा लाख लोकांले जुळं केलं तुम्ही, अन् एकालेही पत्ता नाही!"

"पण ते मे महिन्यात काहून येऊन राहिले?" रुपरावांनी विचारलं.

"लिहिलं आहे ना. तुम्ही आमच्या उन्हाळ्यात आलात, आम्ही तुमच्या उन्हाळ्यात येतो."

नागपूरचा मे हा पाहुण्याला बोलावायचा महिना नव्हे, हे एकाच वेळी तिघांच्याही लक्षात आलं आणि तिघांनाही हायसं वाटलं. "बस, हेच लिहा!" ताराचंद म्हणाले. "ऊन म्हणा. लय ऊन. कोणी येते काय मग?"

मधुकररावांनी तार केली: मे महिन्यात भरपूर ऊन. आठ दिवसांनी उलट तार आली: शाब्बास. आता आठ जण येतो.

त्या लोकांना ऊन म्हणजे सोनं, हे कोणत्याच धड्यात नव्हतं. मग शेवटचा उपाय म्हणून दुसरी तार गेली, की मेयर रुपराव आजारी आहेत. उत्तर आलं: काळजी नसावी, गावचे औषधविक्रेते सोबत येत आहेत. एकूण नऊ.

"आता अजून तार करू नका जी," शामलाबाई म्हणाल्या. "गाव रिकामं होईल त्यायचं."

सतरा मेला नागपूर स्टेशनवर मुंबईच्या गाडीतून नऊ माणसं उतरली. पारा सेहेचाळीसवर होता. गारूसाहेब डब्यातून उतरताना गुलाबी होते, पुलावर लाल झाले आणि टांग्यात बसेपर्यंत बिटासारखे दिसू लागले. तरी त्यांनी आकाशाकडे बघून "सोलेय!" म्हणजे ऊन, असं म्हटलं. मात्र ते आता पहिल्यासारखं कौतुकानं म्हटलेलं वाटलं नाही.

दोन दिवस मंडळी मधुकररावांच्या आणि ताराचंदच्या घरी वाळ्याच्या ताट्यांमागे, कूलरसमोर ओळीनं बसून होती. शामलाबाई दर तासाला पन्हं देत होत्या. औषधविक्रेते आजारी मेयरला तपासायला आले होते. त्यांनाच ऊन लागलं, आणि रुपराव त्यांच्या तळपायाला कांदा चोळत बसले. तिसऱ्या दिवशी गारूसाहेबांनी विचारलंच, की मेयरचं ऑफिस कुठे आहे? मोंब्रियाकच्या शिक्क्याचा कागद आणला आहे, त्यावर नागपूरचा शिक्का हवा.

आयुष्यभर मधुकररावांनी मोजणीच्या नकाशात एका रेघेची चूक होऊ दिली नव्हती, आणि आता त्यांच्या एका शब्दावर परमुलखातली नऊ भली माणसं भर उन्हात येऊन बसली होती. रात्री त्यांना झोप लागली नाही. खरं सांगून टाकावं, तर धरमपेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. उन्हाळी वर्गात त्यांनी आठ पोरांना फ्रेंच शिकवायला घेतलं होतं.

"ऑफिस पाहाचं आहे ना?" सकाळी रुपराव म्हणाले. "माह्या गावचं दाखवू. ग्रामपंचायतीत शिक्का आहे, खुर्ची आहे. म्हणा, उन्हाळ्यात मेयर खेड्यावर बसते."

"पण खुर्ची आता पंचफुलाबाईंची आहे," मधुकरराव म्हणाले.

पंचफुलाबाई या रुपरावांच्या चुलतभावाच्या बायको. दीड वर्षापूर्वी त्यांनी रुपरावांना नऊ मतांनी पाडलं होतं आणि साऱ्या तालुक्यात त्या एकट्याच बाई सरपंच होत्या. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. रुपराव त्याच दिवशी बसनं सावरखेड्याला गेले आणि दीड वर्षात प्रथमच त्यांच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, एका तासासाठी खुर्ची पाहिजे होती."

"कायले?"

रुपरावांनी सांगितलं. पंचफुलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाहुणे आना. चहापानी गाव करीन. पन खुर्चीत मी बसलेली राहीन, भाऊजी. तुम्हाले उभं राहाचं असन तं बाजूले जागा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाड्याची मॅटाडोर सावरखेड्यात शिरली. खळ्यात वाळत घातलेल्या लाल मिरच्यांमुळे उतरताच नऊच्या नऊ जणांना शिंका सुरू झाल्या. गावकऱ्यांनी तो फ्रान्सचा नमस्कार असावा असं समजून हात जोडले. ग्रामपंचायतीत पंचफुलाबाई हिरवं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. रुपराव बाजूला उभे राहिले.

गारूसाहेबांनी विचारलं, या बाई कोण?

मधुकररावांनी तोंड उघडलं. नवव्या धड्यातली चार माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. त्यांनी एकदा रुपरावांकडे, एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "मेर."

"आणि हे?" गारूंनी रुपरावांकडे बोट केलं.

मग मधुकररावांनी जे येत होतं तेवढ्या फ्रेंचमध्ये खरं सांगून टाकलं. हे आधी मेयर. आता बाई मेयर. नागपूरचे नाही, या गावचे. चूक माझी. माझं फ्रेंच वाईट.

खोलीत फक्त शिंका ऐकू येत होत्या. गारूसाहेबांनी रुपरावांकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि हळूच दोन शब्द बोलले. मागे बसलेल्या त्यांच्या बायकोला खुदकन हसू फुटलं आणि बाकीचे सात जण छताकडे पाहू लागले.

"काय म्हणून राहिले?" रुपरावांनी घाबरून विचारलं.

मधुकररावांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "ते म्हणून राहिले, मी पण."

"मी पण काय?"

मधुकररावांनी गारूंना विचारून सांगितलं, "माजी. मार्चमध्ये पडले. तिकिटं आधीच काढली होती म्हणून आले. एका मास्तरणीनं पाडलं."

"किती मतांनी?"

मधुकररावांनी विचारलं. गारूंनी दोन्ही हातांची बोटं उघडली आणि वर एक दाखवलं.

"अकरा!" रुपरावांनी गारूंचा हात धरला. "मले नऊनं पाडलं गा, नऊनं! अन् त्यातले चार तं माह्या घरचेच होते!" त्यांनी ते मराठीतच सांगितलं. गारूसाहेबांनी मान हलवली आणि फ्रेंचमध्ये तसंच काहीतरी लांबलचक सांगितलं. दोघं बाहेर कडुलिंबाखाली बाजेवर जाऊन बसले आणि दोन तास बोलत राहिले. मधुकरराव एकदा दुभाषा म्हणून जवळ गेले, तर दोघांनीही त्यांना हातानंच परत पाठवलं.

आत पंचफुलाबाईंनी तो कागद मागवला, मधुकररावांकडून दोनदा वाचून घेतला, 'नागपूर' खोडून 'सावरखेडा' लिहायला लावलं आणि खाली सही करून ग्रामपंचायतीचा शिक्का मारला. "जुळं तं जुळं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे नाही कोन म्हनते?"

दिवाळीनंतर मोंब्रियाकहून पत्र आलं, ते यावेळी धरमपेठेत न येता थेट सावरखेड्याच्या ग्रामपंचायतीत गेलं. नव्या मेयरबाईंचं होतं. येत्या जुलैत सरपंचांनी दोन माणसं सोबत घेऊन मोंब्रियाकला यावं, सगळी व्यवस्था गाव करील. पत्रासोबत एका मुलीनं इंग्रजीत तर्जुमाही करून पाठवला होता आणि तो शाळेच्या हेडमास्तरीणबाईंनी वाचून दाखवला होता.

रविवारी मधुकरराव इस्त्रीची पँट घालून, डिक्शनरी पिशवीत टाकून सावरखेड्याला पोचले. पंचफुलाबाई जाऊ गोपिकाबाईंसोबत ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत होत्या.

"वहिनी, दोन माणसं न्यायची आहेत म्हणे."

"हो. एक ही गोपिका. एक हेडमास्तरीनबाई."

मधुकररावांनी घसा साफ केला. "दुभाषी लागंल ना. मागच्या चुका मी आता सगळ्या सुधारल्या आहेत. सोळावा धडा चालू आहे."

पंचफुलाबाईंनी हातातली मिरची टोपलीत टाकली. "तुमच्या फ्रेंचनं नऊ मानसं भर उन्हात इथंवर आली, मधुकरराव. मी आपली मराठीतच बोलीन. समजलं तं समजलं. नाही समजलं तं निदान कोनी येनार तं नाही." आणि त्यांनी पासपोर्टचे तीन इंग्रजी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवले. "हे भरून द्या बरं. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हनतेत."

मधुकररावांनी पिशवी बाजूला ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या रकान्यात सुवाच्य अक्षरात पंचफुलाबाईंचं नाव लिहायला घेतलं.