अण्णांचे आठ दिवस

धारवाडच्या आमच्या मळमड्डीत भांड्यांना कल्हई लावायला आता कोणी येत नाही. रंगनाथअण्णांच्या घरी मात्र अजून रोज सकाळी कल्हई होते, आणि ती सोल्डरिंग गनच्या टोकाला. आंघोळ, संध्या, मग सोल्डरिंग गन, हा क्रम ठरलेला. गन तापवायची, टोक ओल्या स्पंजावर पुसायचं, राळेत टेकवायचं आणि त्यावर सोल्डरचा, म्हणजे तारा जोडायच्या कथलाचा, पातळ लेप चढवायचा. टोक चकाकलं की बटण बंद. त्या दिवशी काम असो वा नसो. "उघडं ठेवलं की काळं पडतंय हो सर," अण्णा सांगत. "त्याच्या अंगावर पांघरूण पाहिजे की."

एकदा ते चहा करायला आत गेले असताना मी मदत म्हणून ते टोक पॉलिश पेपरने घासून लख्ख केलं. त्याने वरचं कवच जातं आणि टोक कायमचं वाया जातं, हे मला कुठे ठाऊक? अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी फाटकाशी येऊन म्हणाले, "सर, तुम्ही इतिहास शिकवत होता. तेवढंच बरं होतं."

अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. बायको गेली, मुली बेंगळूरला. घरात ते आणि दुरुस्तीला आलेले अँप्लिफायर. धारवाडातल्या अर्ध्या भजनी मंडळांचे आवाज त्यांच्या टेबलावरून गेले असतील. "अँप्लिफायर आपणहून बिघडत नाही, माणसं बिघडवतात," हे त्यांचं ठाम मत. माइकची पिन ज्यात घालतात तो जॅक म्हणजे त्यांच्या मते अँप्लिफायरचा सासुरवास. जो येतो तो वायर धरून ओढतो. जॅक हलतो, त्याखालचं सोल्डर तडकतं आणि ऐन अभंगात खर्र खर्र सुरू होतं. अण्णा डोळे मिटून पिन हळूहळू फिरवत. आपण काही विचारलं की डावा हात वर करून "तडी, तडी," म्हणजे थांबा. खरखर नेमकी कुठे होते ते सापडलं की चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी दुरुस्त झालं.

अण्णांच्या हातात गुण होता, पण वस्तू काही लवकर हातून सुटत नसे. "आठ दिवसांनी या," ते म्हणत. आठ दिवसांनी गेलं की झाकण काढून, भिंग हातात देऊन काहीबाही दाखवत. "जॅक हट्टी आहे, सर. आणखी आठ दिवस." मग चुरमुऱ्यांचा चिवडा, कॉफी आणि कलघटगीच्या पावसात पडलेल्या टेलिफोनच्या खांबांची गोष्ट. दर खेपेला त्या गोष्टीत एखादा खांब वाढलेला असे. सप्तापूरच्या एका प्राध्यापकांचा रेडिओ तर वर्षभर तिथे होता. बिचारे दर रविवारी येऊन खांब ऐकून जात.

गेल्या वर्षी नवरात्राच्या दोन महिने आधी आमच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर खरखरू लागला. मी मंडळाचा चिटणीस, म्हणून मीच तो अण्णांकडे नेऊन दिला. एक आठवडा गेला, दोन गेले, सात गेले. मी सात वेळा जाऊन आलो. मंडळाच्या सुमनअक्काही चार खेपा घालून आल्या. कार्यक्रम तीन दिवसांवर आला तरी जॅक आपला हट्टीच. शेवटी मी मंडळाची चारपाच माणसं घेऊनच गेलो.

"आणखी चार दिवस," अण्णा म्हणाले. "बसा की. एवढी काय गडबड तुमची?"

माझा तोल गेला. "अण्णा, हात थरथरायला लागले असतील तर सरळ सांगा. सुभाष रोडच्या दुकानात देतो."

अण्णांनी एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. मग झाकण बसवलं, एकेक स्क्रू पिळला आणि अँप्लिफायर कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. त्या दिवशी कोणी कॉफी घेतली नाही.

सुभाष रोडवरच्या दुकानदाराने झाकण उघडलं, पिन घातली, फिरवली. "इदराग एनू इल्लरी," तो म्हणाला. यात काही बिघाडच नाही. जॅकवर नवं सोल्डर होतं, गोल आणि चकचकीत. "असं काम आता कोण करतं, सर?" झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अण्णांचं ते टपोरं अक्षर: 'इनपुट जॅक, सोल्डर तडकलेलं, नवीन दिलं.' खाली तारीख. आम्ही अँप्लिफायर दिला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. सात आठवडे तो अँप्लिफायर बरा होऊन टेबलावर बसला होता, आणि अण्णा दर आठवड्याला चिवडा करून ठेवत होते. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, पण शेजारच्या माणसाचं एवढं कळलं नाही.

नवरात्र छान पार पडलं. मी अण्णांना सांगायला गेलो, क्षमा मागायचं ठरवून गेलो, आणि भलतंच बोललो. "आवाज फार सुरेख लागला, अण्णा," एवढंच. ते म्हणाले, "लागणारच की."

तेव्हापासून अण्णांचं काम वेळच्या वेळी होतं. सकाळी दिलं की संध्याकाळी तयार. वस्तू ते दारातच हातात देतात. प्राध्यापकांना त्यांचा रेडिओ मिळाला. सुमनअक्का सगळ्यांना सांगतात, "सर बोलले म्हणून अण्णा सुधारले." मला ते ऐकवत नाही.

मागच्या रविवारी राहवलं नाही म्हणून गेलो. अण्णांनी दार उघडलं आणि सवयीने माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"काय आणलंत?"

"काही नाही अण्णा. सहज आलो. म्हटलं, जरा बसावं."

ते गोंधळले. मागे वळून त्यांनी खोलीत पाहिलं, टेबल स्वच्छ होतं, दाखवण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं. मग अगदी मऊ आवाजात, मला तसंच परत पाठवायचं त्यांनाच वाईट वाटत असल्यासारखे म्हणाले,

"काही बिघडलं की या, सर. लगेच करून देतो."

आणि त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.