टिपणीस साहेबांचे चार नोट्रंप

आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा चालली होती. बिल्डरचा माणूस गोड बोलून दमला, तसे मागच्या रांगेतून टिपणीस साहेब उठले आणि बायका बसल्या होत्या तिकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "चार नोट्रंप!"

तिकडून त्यांच्या पत्नी कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "पाच किलवर."

"आमचा विरोध आहे, लिहून घ्या," असं सेक्रेटरींना सांगून साहेब खाली बसले.

सभेला वाटलं, म्हातारा सरकला. मला मात्र सगळं कळलं होतं, कारण रोज संध्याकाळी त्यांच्याकडे ब्रिज खेळणाऱ्या चौघांपैकी मी एक. ब्रिजमध्ये तेरापैकी निदान बारा हात करीनच, अशी बोली लावली की तिला स्लॅम म्हणतात. एवढी मोठी उडी मारण्याआधी जोडीदाराला 'चार नोट्रंप' म्हणून विचारायचं, म्हणजे तुझ्याकडे एक्के किती? उत्तरं ठरलेली. पाच किलवर म्हणजे एकही नाही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन, पाच इस्पिक म्हणजे तीन. कुमुदताईंना त्या बिल्डरमध्ये एकही एक्का दिसला नव्हता.

साहेब मोरिवलीच्या एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होते. निवृत्त झाले तरी घरातही शर्ट खोचलेला, आणि पत्ते पिसताना चेहरा असा, की शेजारी बॉयलर तापलाय. "जोडीदाराला विचारल्याशिवाय स्लॅम नाही," हे त्यांचं ब्रीद, आणि ते पत्त्यांपुरतं नव्हतं. फ्रीज घेताना त्यांनी दुकानात उभं राहून 'चार नोट्रंप' विचारलं होतं. मुलगा कॅनडाला निघाला तेव्हाही विचारलं. त्या वेळी कुमुदताईंनी उत्तराला फार वेळ लावला, मग "पाच बदाम" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. मुलगा गेला.

माझे जोडीदार मखीजा. शेजारच्या शहरात, सिंधी वस्तीच्या कॅम्प दोनमध्ये त्यांचं कापडाचं दुकान. त्यांचा खाक्या उलटा. "साईं, पूछना क्या? लगा दो!" म्हणत ते थेट सहाची, म्हणजे बारा हातांची, बोली लावत आणि आम्ही दोघं बुडत असू. साहेब गंभीरपणे म्हणत, "मखीजा, हा ब्रिज आहे, सेल नाही."

मग कुमुदताई विसरायला लागल्या. आधी गॅस बंद करायचा राहू लागला, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव साहेबांनी आमच्यापुढे एकदाच उच्चारलं आणि पत्ते वाटायला घेतले. थोड्याच दिवसांत ते खेळातही दिसलं. त्यांनी तीन एक्के सांगितले आणि पत्ते मांडले तेव्हा एकच निघाला. त्या इतक्या ओशाळल्या, की तो डाव कोणी मोजलाच नाही.

त्या दिवसापासून साहेबांनी विचारणं सोडलं. हातात कितीही भारी पत्ते येवोत, चारवर थांबायचे. पूर्वी मखीजांनी गिल्ला केला असता. आता तेही मान खाली घालून पत्ते लावत बसत.

एका रविवारी कुमुदताईंनी हातातले पत्ते पालथे ठेवले.

"तुम्ही मला विचारत का नाही हो हल्ली?"

"तसे पत्तेच येत नाहीत गं."

"खोटं बोलू नका. भाजी कुठली आणू, हेसुद्धा विचारत नाही तुम्ही. चुकेल माझं. चुकू दे. पण विचारा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मखीजांनी उगाच चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

पुढच्याच डावात इस्पिक हुकूम करण्यावर दोघांचं जमलं. साहेब आपल्या पत्त्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चार नोट्रंप."

कुमुदताई ताठ बसल्या. एकेका पत्त्यावर बोट ठेवून त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"पाच बदाम."

"सहा इस्पिक," साहेब म्हणाले.

उतारी माझी होती. मी किलवरचा एक्का टाकला. रिवाजाप्रमाणे कुमुदताईंनी आपले पत्ते टेबलावर मांडले. त्यात एकही एक्का नव्हता.

"थँक यू, पार्टनर," साहेब म्हणाले.

मी पुन्हा किलवर खेळले आणि मखीजांच्या राजाने तो हात घेतला. साहेबांना एकच हात गमवायची मुभा होती, त्यामुळे डाव तिथेच पडला. उरलेले सगळे हात त्यांनी केले. त्यांच्या हातून इस्पिकचा एक्का आला. मग बदामचा. मग चौकटचा.

मी मखीजांकडे बघितलं. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. तीन एक्के स्वतःच्या हातात घेऊन साहेबांनी विचारलं होतं, आणि "दोन" हे उत्तर ऐकून घेतलं होतं. पत्त्यांच्या सबंध जोडात एक्के चारच असतात. पाच इस्पिकवर त्यांना थांबता आलं असतं.

"मी बरोबर सांगितलं होतं ना?" कुमुदताईंनी विचारलं.

"अगदी बरोबर. खेळताना मीच गडबड केली."

"सावकाश खेळत जा," त्या म्हणाल्या. "घाई फार असते तुम्हाला."

"हो," साहेब म्हणाले आणि कुमुदताईंचे पत्ते गोळा करू लागले.