मैना आणि दोन मिनिटांचं मौन

टण्ण! दुधाच्या पेल्यावर चमचा आपटला आणि दुपारची शांतता गेली. माझी पाच वर्षांची अहिल्या उठली! तिचं दुधाशी भांडण संपेपर्यंत लिहून टाकते. आवाज न चढवता कुणालाही वळवता येतं, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते!

आमच्या नोएडातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचा घोडेस्वारीचा क्लब आहे. तिथे मैना नावाची तरुण घोडी आली. आधीच्या मालकानं चाबकानं शिकवलेली, त्यामुळे माणूस दिसला की लाथ! भाऊसाहेब म्हणाले, “संक्रांतीला पानिपतच्या काला अंब स्मारकावरच्या मिरवणुकीत नीट वागली तर ठेवतो. नाहीतर विकली!”

माझे विश्वनाथमामा घोडदळातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “मी शिकवतो.”

“किती दिवसांत शिकेल?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“ते तिलाच विचारा!”

मामांच्या हातात साधी छडीसुद्धा नाही. मैनेकडे पाठ करायची, मान खाली घालायची, गप्प उभं राहायचं. बस्! आठ दिवस मामा रिंगणात विजेच्या खांबासारखे. नवव्या दिवशी तिनं मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हळूच तोंड टेकलं. माझ्या तर डोळ्यांत पाणी! मामांनी खिशातून तिळाची वडी काढून तिला दिली. ही कल्पना माझी बरं का! “नुसता गूळ काय देता मामा, संक्रांत आलीय!”

पानिपतला मैना अशी चालली, जणू नवी सूनच! मी कौतुकानं सगळ्यांना वड्या वाटल्या. लोकांनी त्या खिशात ठेवल्या. मग भाऊसाहेब स्मारकाकडे वळून म्हणाले, “दोन मिनिटं मौन!”

शंभर माणसं! पाठ करून, मान खाली घालून, गप्प!

मैनेला वाटलं, अख्खं पानिपत आपल्यालाच बोलावतंय! मामांच्या हातातला ढिला दोर सुटला. ती थेट भाऊसाहेबांकडे गेली, त्यांच्या खांद्यावर तोंड टेकलं आणि खिशातली वडी ओढली. वडीसोबत भाषणाचे कागदही आले!

“अहो, ही माझं भाषण खातेय!”

“हलू नका,” मामा कुजबुजले. “विश्वास टाकलाय तिनं तुमच्यावर.”

भाऊसाहेब हलले नाहीत. मौन संपलं तेव्हा त्यांचा हात तिच्या मानेवर होता. “राहू दे हिला,” ते म्हणाले. भाषण टळलं म्हणून टाळ्या जास्तच पडल्या!

तेव्हापासून आमच्या घरातही हीच पद्धत. आरडाओरडा बिल्कुल बंद! फक्त—

“अहिल्या! दूध सांडलंस? किती वेळा सांगायचं गं!!”

तिनं पेला हळूच खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, “आई, तू किती दिवसांत शिकशील?”